हिरानीचा सिनेमा तुम्ही कुठे थांबवला असता?

बांधीवरची

धानाचे पुंजणे घालून झाले. मळणीच्या मशीनचा नंबर लागायला अजून आठवडा आहे, म्हणून दोन वर्षांपासून मनात असलेला धागा आज काढतेच.

राजकुमार हिरानी माझे सगळ्यात आवडते दिग्दर्शक. आपल्या नागपूरचा माणूस, वडिलांची नागपुरात टायपिंग इन्स्टिट्यूट, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून संकलन शिकून बाहेर पडलेला. 'मुन्नाभाई एमबीबीएस' (२००३) पासून 'डंकी' (२०२३) पर्यंत वीस वर्षांत सहाच सिनेमे. सहाही मी किती वेळा पाहिले याचा हिशोब नाही. आमच्या घरी कोणी रुसलं की सासूबाई अजून "ये, झप्पी घे" म्हणतात.

म्हणूनच जीव जळतो. हा माणूस अडीच तास बोटाला धरून इतक्या मायेनं नेतो, आणि घर आल्यावर बोट सोडतच नाही. दार समोर दिसते आहे, तरी सांगत राहतो, हे बघा दार, ही बघा कडी, आता कडी काढा.

२०१५ च्या गणपतीत आमच्या गावात, नागभीड तालुक्यात, मंडळाने शाळेच्या भिंतीवर पांढरी चादर ताणून 'पीके' दाखवला. लोडशेडिंग होतं म्हणून जनरेटर आणलेला. दुसऱ्या गोळ्यावरून पृथ्वीवर आलेला पीके आपल्या गोळ्यावर परत जायला निघतो तो प्रसंग आठवा. त्याची इथली मैत्रीण जग्गू त्याला सोडायला आली आहे. त्याच्याजवळ कॅसेटींनी भरलेली पेटी आहे. तो सांगतो, यात पृथ्वीवरचे आवाज भरून घेतले. आणि जग्गूला कळतं की त्या कॅसेटींत तिचाच आवाज आहे. खोटं काय असतं हेच ज्याला माहीत नव्हतं, तो आपल्याकडून खोटं बोलणं शिकला आणि ते वापरलं कशाला, तर प्रेम लपवायला. तो पाठ फिरवून चालू लागतो. तेवढ्यात आमच्या जनरेटरमधलं डिझेल संपलं.

दोनदा धडधडला आणि बंद पडला. अंधार. कोणी शिट्टी मारली नाही, कोणी ओरडलं नाही. माझ्या बाजूची आजी अंधारातच म्हणाली, "गेला बिचारा." मग सगळ्यांनी आपापले बोरे झटकले आणि घरी गेले. आम्ही तोच शेवट समजलो.

पुढे सात-आठ महिन्यांनी टीव्हीवर पाहिला तर त्याच्या पुढेही सिनेमा आहे! एक वर्षानंतर पीके परत येतो, सोबत रणबीर कपूर, त्याला पृथ्वीवर कसं वागायचं ते शिकवतो आहे. घरातले हसले. मला हसू आलं नाही. त्या रात्री अंधारात मिळालेलं काहीतरी कोणीतरी काढून घेतल्यासारखं वाटलं.

तेव्हापासून मी त्यांचा प्रत्येक सिनेमा पाहताना शोधते की खरा शेवट कुठे झाला आणि सिनेमा कुठे थांबला. तुम्हीही सांगा. एक सिनेमा घ्या, तुम्ही कुठे थांबवला असता आणि काहून, ते लिहा. नुसतं 'बोर झाला' लिहू नका.

डिप्लोमावाला

ताई, माझा सिनेमा 'थ्री इडियट्स' (२००९). मी त्या वर्षी मेकॅनिकलच्या डिप्लोमाला होतो, दुसऱ्या वर्षाला दोन विषय राहिले होते. घरी बाबांनी सोयाबीन विकून फी भरली होती. त्यामुळे या सिनेमाबद्दल मी थंडपणे लिहू शकत नाही, आधीच सांगतो.

मी थांबवला असता तो भर पावसात. कॉलेजचा प्रमुख व्हायरस तो पेन रँचोच्या हातात देतो तिथे. अंतराळात पेन्सिल का वापरली नाही, या पहिल्या वर्षाच्या प्रश्नापासून तो पेन पडद्यावर फिरतो आहे. जो माणूस आयुष्यभर कोणापुढे वाकला नाही तो वाकतो. झालं, सिनेमा संपला.

पण तेही एक वेळ सोडा. लडाख दाखवायचं होतं, मैत्रीण भेटवायची होती, मान्य. रँचो लहान पोरांच्या शाळेत मास्तर झाला आहे, तिथे थांबायचं. मला ती शाळा पाहून किती बरं वाटलं होतं सांगू. वाटलं, बघा, सगळ्यात हुशार पोरगा गावात पोरांना शिकवतो आहे आणि खूश आहे. त्याच्यासोबत शिकलेला घोकंपट्टीवाला चतुर त्याला हिणवतो, तरी त्याच्या चेहऱ्यावर काही फरक नाही. अख्खा सिनेमा हेच तर सांगत होता ना, की ज्ञानासाठी शिका, यशाच्या मागे धावू नका!

आणि मग कळतं की तो फुनसुक वांगडू आहे. चारशे पेटंटवाला. ज्याची सही मिळावी म्हणून चतुरची कंपनी मागे लागली आहे तोच हा. चतुर गुडघ्यावर, टॉकीजात टाळ्या.

मी टाळी वाजवली, खोटं बोलणार नाही. पण एसटीत बसल्यावर पोटात खड्डा पडला. म्हणजे नुसता मास्तर असता तर तो हरला असता का? चतुरच्याच मापाने मोजून तो चतुरपेक्षा मोठा निघाला, म्हणून जिंकला? मग माप तर चतुरचंच खरं ठरलं. मी दोन विषय राहिलेला पोरगा, माझ्याजवळ चारशे सोडा, एक पेटंट नव्हतं. सिनेमाने तीन तास खांद्यावर हात ठेवला होता, तो शेवटच्या पाच मिनिटांत काढून घेतला.

विषय पुढे निघाले. आता गावातच पंप आणि मोटारी दुरुस्त करतो.

रातकिडा

+१. चारशे पेटंटचं हे कधी लक्षातच आलं नव्हतं. आता तो सीन पहिल्यासारखा पाहता येणार नाही.

सेलूकर

मी उलट बाजूने बोलतो. 'लगे रहो मुन्नाभाई' (२००६) मी कुठेच कापणार नाही.

मी वर्धा जिल्ह्यातला. आमच्या शाळेची सहल दर वर्षी सेवाग्रामला. गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं, सेवाग्राम नंतर झालं. बापूकुटीची माती-बांबूची भिंत, बसायची गादी, शेजारी ठेवलेल्या वस्तू, सगळं आम्हाला पाठ. पाठ असल्यामुळेच त्यात काही उरलं नव्हतं. सहल म्हणजे डबा आणि बसमधल्या भेंड्या.

हा सिनेमा पाहून मी पहिल्यांदा एकटा सायकलने गेलो. तेव्हा नववीत होतो.

शेवट का जमला ते सांगतो. मुन्नाला गांधीजी दिसतात, त्याच्याशी बोलतात, आणि पत्रकारांसमोर तो उघडा पडतो. जे त्याला माहीत नाही ते त्याच्या बापूंनाही माहीत नाही, म्हणजे बापू त्याच्या डोक्यातच आहेत हे सिद्ध होतं. दुसरा कोणी दिग्दर्शक असता तर इथे एक तर बापूंना खरं ठरवलं असतं, नाही तर मुन्नाला बरं करून बापूंना घालवलं असतं. हिरानी दोन्ही करत नाहीत. आजार आहे हे कबूल, आणि बापूही राहतात. शेवटी तर मुन्नाच्या विरोधातल्या लकी सिंगलाही दिसायला लागतात. प्रश्न सुटत नाही, एकाच्या डोक्यातून दुसऱ्याच्या डोक्यात जातो. याच्यापुढे काही समजावून सांगायची गरजच राहिली नाही.

म्हणजे या माणसाला शेवट करता येतो. म्हणून बांधीवरची ताईंचा राग मला पटतो. ज्याला येतच नाही त्याच्यावर कोण रागावते?

मोकळा_वेळ

एवढं काय मनाला लावून घ्यायचं? शंभर रुपयांचं तिकीट, तीन तास करमणूक. लोकांना गोड शेवट लागतो, तो देतात. आणि पटकथा एकट्याची नसते. 'लगे रहो'पासून अभिजात जोशी सोबत लिहितात, त्यांचं नाव कोणीच घेत नाही.

बांधीवरची

मोकळा_वेळ, अभिजात जोशींचं बरोबर आहे, ते राहून गेलं. श्रेय दोघांचं तसा दोषही दोघांचा. पण आपल्या सिनेमाची कात्री हिरानी स्वतःच्या हातात ठेवतात. कुठे थांबायचं हे ज्याच्या हातात आहे त्यालाच मी विचारणार.

करमणुकीचं म्हणाल तर, आमच्याकडून नागपूर एसटीने तीन तास. एका सिनेमासाठी दोघांचा पूर्ण दिवस जातो, मजुरी बुडते, गाईचं दूध शेजारणीला काढायला सांगावं लागतं. आम्ही वेळ घालवायला जात नाही.

'पीके'बद्दल अजून एक राहिलं. ते टीव्हीवरचं तपस्वी महाराजासोबतचं वादसत्र. सिनेमाभर पीके जो प्रश्न विचारत फिरतो तो किती मोठा आहे! ज्याने आपल्याला बनवलं तो देव आणि ज्याला तुम्ही बनवलं तो देव, यात फरक कसा करायचा? याचा निकाल कशावर लागतो? बेल्जियममध्ये एक चिठ्ठी चुकीच्या माणसाच्या हातात पडली होती, यावर. एक फोन लागतो, तपस्वीने दगाबाज ठरवलेला जग्गूचा प्रियकर सरफराज निर्दोष निघतो, तपस्वी हरतो. समजा तो पोरगा खरंच दगाबाज निघाला असता, तर तपस्वीचा देव खरा ठरला असता का?

त्याच वादात आधी पीके बॉम्बस्फोटात गेलेल्या मित्राचा बूट दाखवतो. आपापल्या देवाचं रक्षण करणं थांबवा, नाही तर या गोळ्यावर माणसं राहणार नाहीत, फक्त बूट राहतील, असं काहीसं म्हणतो. त्या बुटापुढे तपस्वीकडे काय उत्तर होतं? काहीच नाही. आमच्या शाळेच्या भिंतीवर तो बूट दिसला तेव्हा मागे बसलेल्या पोट्ट्यांची बडबड थांबली होती. तिथे वाद संपला होता. मग फोन कशाला?

पेटीवाला

मी झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या रात्रभराच्या नाटकांत, पेटी वाजवतो. दिवाळीपासून होळीपर्यंत आमचा हंगाम, वडश्यातून बुकिंग, आज या गावची मंडई तर उद्या त्या गावचा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती. या विषयावर मला लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण शेवट कसा पडतो हे मी रंगमंचाच्या अगदी पायाशी बसून दर रात्री पाहतो.

आमचं नाटक रात्री दहाच्या पुढे सुरू होते, संपता संपता पहाटेचे चार-साडेचार. जानेवारीतली थंडी. माणसं सतरंज्या, चादरी, शेगडी घेऊन आलेली असतात. लहान पोरं मांडीवर झोपलेली. अशा माणसाला शेवटच्या प्रवेशापर्यंत जागं ठेवायचं म्हणजे काय हे ज्याने केलं त्यालाच माहीत.

आता, शेवट गोड पाहिजे हे खरंच आहे. मायलेकराची भेट पाहिजे, दुष्टाने हात जोडले पाहिजे. त्यासाठीच लोक सहा तास थंडीत बसतात. त्याला मी कमी लेखणार नाही, आणि हिरानीचे सिनेमे मला आपल्याच मातीतले वाटतात ते यामुळेच. चुकलेल्या माणसाला ते मारत नाहीत, त्याला वळवतात. डीन अस्थाना, लकी सिंग, व्हायरस, सगळे असेच.

पण वळवायचा क्षण एकच असतो. मागे आमच्या एका नाटकात शेवटी सावकार आपल्याच सुनेच्या पाया पडत होता. बिना संवादाचा प्रवेश. मी नुसता एक सूर धरून ठेवायचो, तबला बंद. बाया पदराने डोळे पुसायच्या. पुढच्या वर्षी दिग्दर्शकाला वाटलं की लोकांना नीट समजलं पाहिजे, म्हणून पाया पडून झाल्यावर सावकाराला भाषण दिलं. हुंडा, व्यसन, शिक्षण, सगळं. पहिल्याच प्रयोगाला भाषण सुरू झालं आणि मला समोर चादरींच्या घड्या होताना दिसल्या. फटाफट. आधी मागच्या रांगा, मग पुढच्या. कोणी रागावलं नव्हतं, शिव्या दिल्या नव्हत्या. त्यांच्यासाठी नाटक संपलं होतं, म्हणून ते निघाले.

चौथ्या प्रयोगाला भाषण काढलं. घड्या थांबल्या.

सिनेमावाल्याला हेच मिळत नाही. आम्हाला दुसऱ्या रात्री दुरुस्त करता येते. त्याचं एकदा छापलं की छापलं.

जुना_ऑपरेटर

पेटीवाले भाऊ, तुमच्या चादरींच्या घड्या वाचून मले माझी टॉकीज आठवली. मी बावीस वर्षं तालुक्याच्या टॉकीजात ऑपरेटर होतो. आता तिथं मंगल कार्यालय झालं.

आमच्याकडं रीळ होतं तोपर्यंतचं सांगतो. एक मोठं रीळ वीस मिनिटांच्या आसपास चालते. 'मुन्नाभाई' अडीच तासांच्या वर, म्हणजे आठ रिळं. दोन मशीन, एकावरचं संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात गोल ठिपका दिसते, तो पाहून दुसरं सुरू करायचं. सिनेमा पाहायला ऑपरेटरले सवड नसते. मी सिनेमा कानानं पाहत होतो, म्हणजे पब्लिकच्या आवाजानं.

सहाच्या शोची अडचण अशी, की खेड्यावरची शेवटची एसटी आणि सिनेमाचा शेवट एकाच टायमाले. आठवं रीळ लागलं की खुर्च्यांचा खटखटाट सुरू. लाकडी घडीच्या खुर्च्या, माणूस उठला की खाटकन वर जाते. त्या आवाजावरून मी सांगू शकत होतो की सिनेमा किती दिवस चालन. हिरो-व्हिलनची हाणामारी चालू राहे आणि पब्लिक दाराकडं. सगळ्यायले माहीत, आता हिरोच जिंकते, एसटी कोण सोडन?

'मुन्नाभाई'ले दवाखान्यातला पेशंट झहीर मरते, मुन्ना सगळं सोडून निघून जाते, तिकडं न बोलता पडून राहिलेला आनंदभाई इतक्या वर्षांनी बोलते. पूर्ण हॉलमधी एक खुर्ची वाजली नाही. मी खिडकीतून डोकं घालून पाहिलं, म्हटलं लोक आहेत की गेले. सगळे बसून. त्या आठवड्यात तीन दिवस माणसं एसटी चुकवून स्टँडवर झोपली. मी स्वतः एका म्हाताऱ्या बाबाले माझी चादर दिली होती.

'थ्री इडियट्स' आमच्याकडं उशिरा आला, तरी हाऊसफुल. पण ते लडाखचं सुरू झालं आणि खुर्च्या वाजल्या. थोड्या, पण वाजल्या. डिप्लोमावाले भाऊ, तुमचं म्हणणं पब्लिकनं तेव्हाच सांगितलं होतं.

रातकिडा

ऑपरेटर काका, वेगळा धागा काढा. खरंच काढा.

उमरेड_रोड

अवांतर होईल, पण तुलना केल्याशिवाय समजत नाही. नागराज मंजुळेंच्या 'सैराट' (२०१६) चा शेवट आठवा. आवाज बंद. त्या लहानग्याच्या पायाचे ठसे. एक शब्द नाही. आमच्याकडे लोक दहा मिनिटं पार्किंगमध्ये गाडीला किल्ली न लावता उभे होते. 'झुंड' (२०२२) तर आपल्या नागपूरच्याच झोपडपट्टीतल्या फुटबॉलवरचा, विजय बारसेंच्या कामावर बेतलेला. लोक म्हणतात लांबला. लांबला खरा. पण विमानतळावरच्या तपासणीत त्या पोराच्या अंगावर जो ताण आहे आणि मग वस्तीवरून, त्या भिंतीवरून विमान जातं, तिथे मंजुळे काही बोलत नाहीत. भिंतीवर लिहिलेलं आपण वाचायचं.

मंजुळेंना पाहणाऱ्यावर विश्वास आहे. हिरानींना पाहणाऱ्यावर प्रेम आहे, विश्वास कमी आहे. फरक एवढाच मला दिसतो. 'संजू'बद्दल लिहीत नाही, शेवटी पेपरवाल्यांना सुनावणारं गाणं लागलं तेव्हा मी बाहेर आलो होतो.

कपाशीचं_शिवार

मी यवतमाळ जिल्ह्यातून लिहिते. 'डंकी'बद्दल लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

चोरवाटेने लंडनला जाणाऱ्यांची ती गोष्ट. त्यात सुखी नावाचा पोरगा आहे, विकी कौशलने केलेला. लंडनला अडकलेल्या जस्सीसाठी इंग्रजी शिकायला धडपडतो. व्हिसा मिळत नाही. तिकडे जस्सी जीव देते आणि ही बातमी कळल्यावर सुखी स्वतःला जाळून घेतो. हे सिनेमाच्या मधेच होतं.

आम्ही घरी मोबाईलवर पाहत होतो, दिराच्या पोरांसोबत. आमच्या भागात हे असं पाहताना घरात काय होतं ते मी सांगायला नको. कोणीतरी आवाज कमी केला. सासरे उठून अंगणात गेले. नंतर तासभर सिनेमा चालू होता, आम्ही पाहतही होतो, पण आमचा सिनेमा तिथेच थांबला होता.

मला राग या गोष्टीचा आहे की एवढं दाखवल्यावर शेवटी पुन्हा एक मरण आणलं. नायिका मनूला आजार, गावी परत यायची ओढ, आणि नायक हार्डीसोबत असतानाच ती जाते. मग पडद्यावर खऱ्या लोकांचे फोटो आणि माहिती. सुखीचं मरण पोटातून आलं होतं, मनूचं मरण रडवण्यासाठी लिहिलेलं वाटलं. आणि फोटो पाहून वाटलं की सुखीवर त्यांचा स्वतःचाच भरवसा नव्हता. आम्ही सुखीला पाहूनच समजलो होतो की लोक असं का करतात. माहिती कशाला?

मी हा सिनेमा सुखीच्या चितेनंतर हार्डी निघतो तिथे संपवला असता. पुढे ते पोचले की नाही, हे न सांगता.

गावची_आशा

सगळ्यांचं वाचलं. मी आशा सेविका आहे, गडचिरोली जिल्ह्यात. दोन गोष्टी सांगते.

पहिली 'थ्री इडियट्स'मधल्या बाळंतपणाची. तो सिनेमा टीव्हीवर लागला की दुसऱ्या दिवशी बाया मला विचारतात, ताई, असं खरंच होते का? व्हॅक्यूम लावून बाळंतपण खरंच करतात, पण त्याचा कप वेगळा असतो, दाब मोजावा लागतो, शिकलेले हात लागतात. घर झाडायच्या मशीनने नाही. मी त्या सीनला शेवटपर्यंत नीट पाहू शकत नाही, कारण मी अशा पावसात बाईसोबत बसलेली आहे आणि तेव्हा ऑल इज वेल म्हटलं म्हणून कोणतं बाळ लात मारत नाही.

दुसरी गोष्ट 'मुन्नाभाई'ची. इथे कोणी लिहिलं नाही, पण बांधीवरची ताईंच्या नियमाने पाहिलं तर त्याचाही शेवट कापावा लागेल. आनंदभाई बोलतो तिथे सिनेमा संपला, बरोबर? त्याच्यापुढे तर सगळं गोष्टीसारखं सांगून टाकलं आहे. मुन्नाचं आणि सुमनचं लग्न झालं, सर्किटचं झालं, आणि मुन्ना-सुमनने मुन्नाच्या गावात दवाखाना काढला.

तो भाग कापू नका.

आमच्या गावापासून आरोग्य केंद्रात जायला मधे नाला आहे. जुलै-ऑगस्टमध्ये नाल्याला पूर आला की १०८ ची गाडी पलीकडच्या काठाला उभी राहते. बाईला खाटेवर टाकून चार जणांनी पाण्यातून न्यायचं, मी पुढे काठी टेकत पाण्याचा अंदाज घेत. दोन वर्षांआधी असंच नेताना माझ्या आईने खाटेचा एक पाय धरला होता. ती साठीची आहे.

आई दर वेळी 'मुन्नाभाई' शेवटपर्यंत पाहते. आनंदभाई बोलतो तेव्हा ती उठून चहा ठेवायला जाते. दवाखान्याचं आलं की परत येऊन बसते. मी एकदा विचारलं, तुले यात काय आवडते? म्हणे, "गावात दवाखाना काढला ना बाप्पा. कोणी तं काढला."

बांधीवरची

आशाताई, तुमचं काल रात्री वाचलं. लगेच लिहायला बसले होते, लिहिता आलं नाही.

तुमच्या आईंना सांगा, 'मुन्नाभाई'च्या शेवटाला मी हात लावत नाही. मी तो भाग नेहमी 'उरलंसुरलं आवरणं' समजत होते. आमच्या गावापासून तालुक्याचा दवाखाना वीस मिनिटांवर आहे, म्हणून मला ते आवरणं वाटलं असेल.

पण चारशे पेटंट मात्र मी डिप्लोमावाले भाऊंच्या बाजूनेच. लडाखची ती शाळा पुरे होती. आणि 'डंकी'चं ताईंनी लिहिलं ते वाचून मी सिनेमा परत लावायची हिंमत केली नाही.

पेटीवाले दादा, तुमचं कोणत्या मंडईला नाटक आहे ते कळवा. आमच्या गावची मंडई झाली, पण जवळपास असेल तर आम्ही येतो. मी चादरीची घडी शेवटपर्यंत करणार नाही.

पेटीवाला

ताई, पुढच्या शुक्रवारी ब्रह्मपुरीच्या अलीकडच्या एका गावात आहे, निरोपातून नाव कळवतो. लवकर या, नवच्या आत जागा धरा. शेगडी आणा. यंदाच्या नाटकाचा शेवट मला अजून पटलेला नाही, बापाचं बोलणं दोन वाक्यं जास्त आहे. पाहून सांगा कोणती.

जुना_ऑपरेटर

मीपण येतो. रात्री परत यायले एसटी नसते, पहाटेचीच पकडावं लागन. जमते.

बांधीवरची

मळणी झाली. पंधरा दिवसांनी येते आहे, धागा वर आणते म्हणून माफ करा.

पेटीवाले दादांना दोन्ही वाक्यं तिथेच सांगितली. ऑपरेटर काकांनीही तीच सांगितली.

काल घरी 'पीके' लावला. मुलगा आता सात वर्षांचा आहे, त्याने पाहिला नव्हता. मी रिमोट हातात धरून बसले. पीके पाठ फिरवून निघाला आणि मी टीव्ही बंद केला. मुलगा थोडा वेळ काळ्या पडद्याकडे पाहत राहिला. मग म्हणे, "आई, तो परत येते का?" मी म्हटलं, "तूच सांग."

आज सकाळी शाळेत सोडायला जाताना बांधीच्या धुऱ्यावरून तो पूर्ण रस्ता सांगत होता. त्याच्या गोष्टीत पीके परत येतो. पावसाळ्यात येतो, आमच्याच बांधीत उतरतो, चिखलात त्याचा एक बूट रुतून बसतो आणि तो काढायला माझा मुलगा त्याला मदत करतो. रणबीर कपूर नाही. एकटाच येतो.